बाजार बंद, गोठा चालू : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझं ५ हजार ब्रॉयलरचं (मांसासाठी वाढवायच्या कोंबड्यांचं) शेड आहे, पक्षी स्वतःचे. २०२० च्या टाळेबंदीत बॅच ४० दिवसांची झाली आणि व्यापाऱ्याची गाडीच आली नाही. पुन्हा तसं झालं तर खाद्य बंद करून पक्षी धरून ठेवावेत का? (कुक्कुटपालक, तासगाव)

उत्तर : खाद्य पूर्ण बंद करू नका. उपाशी पक्षी एकमेकांना टोचतात आणि खाद्य पडलं की भांड्यावर अशी झुंबड उडते की खालचे दबून मरतात. आधी हिशेब मांडा. ४२ दिवसांपुढचा पक्षी दिवसाला साधारण १९० ग्रॅम खातो. ५ हजारांना ९५० किलो, म्हणजे ५० किलोच्या १९ बॅगा रोज. वय वाढेल तसं त्याच खाद्यात वजन कमी चढतं. आठवडाभर तग धरता येतो, तीन आठवडे बहुधा नाही.

थांबायचंच असेल तर सकाळी १० ते संध्याकाळी ५ खाद्याची भांडी वर ओढून ठेवा, पाणी मात्र तोडू नका. एप्रिलच्या उन्हात भरल्या पोटी अंगातली उष्णता वाढते आणि सगळ्यात वजनदार पक्षी दुपारी धापा टाकून मरतात. त्यामुळे इथे बचत दुहेरी आहे. नुसता मका भरडून घालणं स्वस्त वाटतं, पण त्यानं चरबी वाढते, मांस नाही. पक्ष्याला एक चौरस फूट ही जागा दोन किलोपर्यंतच पुरते. अडीच किलोला सव्वा ते दीड फूट लागते, म्हणून मोठे पक्षी आधी काढा, गावात एका वेळी शे-दोनशे पक्षी असे विकावे लागले तरी. शेडच्या जमिनीवर पसरलेलं तूस ओलं झालं की उचलून कोरडं टाका. ओल्या तुसावर चुना मारण्याची सवय अनेकांना आहे. त्यानं अमोनिया आणखी सुटतो.

पक्षी कंपनीचे, म्हणजे करारावर वाढवायला घेतलेले असतील तर उचल लांबल्यावर वाढीव दिवसांचं संगोपन शुल्क आणि मेलेल्या पक्ष्यांचा तोटा कोणाच्या माथी, हे करारात आधीच लिहून घ्या.

भावाबद्दलही सांगायला हवं. त्या वर्षी चिकनमधून कोरोना होतो या अफवेनं टाळेबंदीआधीच भाव कोसळला होता. मग हॅचऱ्यांनी (अंडी उबवून पिल्लं विकणाऱ्यांनी) उबवणीची अंडी नष्ट केली, शेडमध्ये नवी पिल्लं टाकणं थांबलं आणि पुढच्या काही आठवड्यांत पक्षी कमी पडून भाव चढला. पिल्लं टाकायची की नाही हे आजच्या भावावर ठरवू नका. आपल्या भागात सध्या किती पिल्लं पडताहेत हे हॅचरीला विचारा. ४५ दिवसांनंतरचा भाव त्यावर ठरतो.

प्रश्न : हॉटेलं बंद झाली की दूध संघ दूध नाकारतो. गायींचा खुराक निम्मा केला तर? (दूध उत्पादक, संगमनेर)

उत्तर : सरसकट नको. व्यालेल्या गायीचा खुराक तोडला तर ती अंगावरची चरबी जाळते, आजारी पडते, वेळेवर माजावर येत नाही. हा तोटा वर्षभर पुरतो. कपात करायची ती सहा-सात महिने दूध देऊन झालेल्या गायींची, तीही आठवड्याभरात हळूहळू. सात महिन्यांच्या गाभण गायी लगेच आटवा, नाहीतरी विण्याआधी ६० दिवस त्यांना भाकड ठेवायचंच असतं. खुराक कमी करा, मग एक वेळची धार सोडा, मग धार बंद. शेवटच्या धारेनंतर पशुवैद्यकाच्या सल्ल्यानं चारही सडांत औषधाची ट्यूब सोडा, नाहीतर काससुजी होते.

उरलेल्या दुधाचा खवा करताना लक्षात घ्या, गायीच्या दुधाचा किलोभर खवा व्हायला पाच-साडेपाच लिटर लागतं आणि फ्रीजशिवाय तो दोन-तीन दिवसच टिकतो. गिऱ्हाईक ठरलेलं नसेल तर तूप बरं. २०२० च्या एप्रिलपासून राज्य सरकारनं रोज १० लाख लिटर दूध २५ रुपयांनी घेऊन भुकटी करायची योजना आणली, पण दूध संघामार्फत. खासगी गवळ्याला घालणारे बाहेर राहिले. थोडं तरी दूध संघाला घालत राहा.

प्रश्न : लम्पीमुळे (जनावरांच्या अंगावर गाठी आणणाऱ्या साथीमुळे) बैलबाजार बंद असताना ओळखीतून बैल घ्यावा का? (शेतकरी, सांगोला)

उत्तर : सप्टेंबर २०२२ मध्ये राज्यात जनावरांचे बाजार, शर्यती आणि वाहतूक बंद केली होती. अशी बंदी असताना दारातून व्यवहार झाला तरी बैल रस्त्यानं नेणं गुन्हाच ठरतं. बंदी उठल्यावर कानातला बारा आकडी बिल्ला आणि लसीची तारीख बघा. लस (शेळ्यांच्या देवीची, १ मिली कातडीखाली) दिल्यावर प्रतिकारशक्ती यायला साधारण तीन आठवडे लागतात, म्हणून कालच टोचलेला बैल सुरक्षित समजू नका. आणल्यावर २८ दिवस वेगळा बांधा. रोग चावणाऱ्या माश्या, डास, गोचिडांनी पसरतो, त्यामुळे दावणीत चार हात अंतर ठेवून भागत नाही. शेण रोज उचला, गोचीडनाशक मारा. गोठा धुवायला २ ते ३ टक्के सोडियम हायपोक्लोराइट चालतं. माणसाला लम्पी होत नाही, दूध उकळून घ्या.