प्रीकास्ट व्हॉल्व्ह चेंबर (पाइपलाइनच्या व्हॉल्व्हसाठी आधीच ओतून आणलेला, जमिनीत बसवायचा काँक्रीटचा कप्पा) भूजलाने वर उचलला जाईल का?

जाऊ शकतो, विशेषतः पावसाळ्यात रिकामा असताना. आतला व्यास 1.5 मीटर, खोली 2 मीटर, भिंत, तळ आणि वरचा स्लॅब 150 मिमी धरा. वजन भरतं साधारण 5.8 टन, पाणी स्लॅबखालपर्यंत चढलं की उचल 5.5 टन. सुरक्षा गुणांक, म्हणजे वजन भागिले उचल, जेमतेम 1.06, हवा किमान 1.2.

भिंत जाड करत बसू नका, क्रेनचं भाडं वाढतं. तळ चहूबाजूंनी 250 मिमी बाहेर काढा. त्यावर थराथराने दाबलेली माती चेंबर धरून ठेवते.

पाइपचं भोक साच्यातच सोडा, भोवती रबर सील हवं. नुसत्या सिमेंटने बुजवलं तर चेंबर खचताच तिथे गळती लागते. उचलायचे हुक साध्या एमएस (माइल्ड स्टील) सळीचे. टीएमटीचे (बांधकामातल्या पिळाच्या कडक सळीचे) नकोत, वाकवलेल्या जागी तुटू शकतात.