न खाजणारा फिकट चट्टा

प्रश्न : माझ्या नऊ वर्षांच्या मुलाच्या दंडावर तीन महिन्यांपासून रुपयाएवढा फिकट चट्टा आहे. तो खाजत नाही, दुखतही नाही. सासूबाई शिबे म्हणतात, शेजारच्या काकूंना कोडाची शंका येते. औषधाच्या दुकानातून आणलेले मलम महिनाभर लावले, पण फरक नाही. नुसते पाहून हे ओळखता येईल का? – एक वाचक

उत्तर : शिबे, कोड आणि कुष्ठरोग या तिन्हींत त्वचेचा रंग उतरतो, त्यामुळे केवळ रंगावर विसंबून राहू नये, तरीही बारकाईने पाहिल्यास बराच उलगडा होतो. शिबे सूक्ष्म बुरशीमुळे होतात, बहुधा मान, छाती व पाठीवर उठतात, घामाच्या दिवसांत पसरतात, आणि नखाने हलकेच खरवडल्यास त्यांवरून कोंड्यासारखा भुसा निघतो. कोडाचा डाग दुधासारखा पांढरा आणि रेखीव कडेचा असतो. त्यावरील केस कधीकधी पांढरे होतात, पण स्पर्श पूर्ववत कळतो आणि तो एकापासून दुसऱ्याला होत नाही.

आपल्या पत्रातील ‘खाजत नाही, दुखतही नाही’ हे शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. कुष्ठरोगाचा चट्टा फिकट किंवा लालसर असतो, पांढराशुभ्र होत नाही. त्यावरील लव विरळ होते, घाम कमी येतो, आणि जंतू मज्जातंतूंना इजा करीत असल्याने तो बधिर होत जातो. त्रास नसल्यामुळेच तो घरोघरी महिनोन्महिने अंगावर काढला जातो, याचे मला फार वाईट वाटते.

मुलाला उजेडात बसवा. कापसाची बारीक वात करून आधी निरोगी त्वचेवर टेकवून दाखवा, मग त्याला डोळे मिटायला सांगून स्पर्श झाला तेथे बोट ठेवायला सांगा. चट्ट्यावर वात टेकूनही बोट हलले नाही किंवा भलतीकडे गेले, तर त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. (सुई टोचून पाहू नका.) मात्र लहान मुलांत सुरुवातीला स्पर्श शाबूत असू शकतो, म्हणून तो कळला तरी डॉक्टरांना दाखवणे टाळू नये. कोपराच्या आतल्या बाजूची, धक्का लागताच करंगळीपर्यंत झिणझिण्या नेणारी नस जाड झाली आहे का, हेही ते चाचपून पाहतील.

निदान कुष्ठरोगाचे झालेच, तरी सरकारी केंद्रात गोळ्या मोफत मिळतात. प्रकारानुसार 6 किंवा 12 महिन्यांत उपचार पूर्ण होतात, आणि मुलाची शाळा बंद करण्याचे कारण नाही. घरातील सर्वांनी मात्र तपासून घ्यावे. दुकानातील ते मलम आजपासून थांबवा आणि त्याची ट्यूब डॉक्टरांकडे घेऊन जा. अशा कित्येक मलमांत स्टेरॉइड असते, त्याने मूळ लक्षणे झाकली जातात आणि त्वचेचा रंग आणखी उतरू शकतो.