रात्री बोटं बधिर होतात, काम सोडू का?

प्रश्न : नाशिकला माझा छोटा टॅटू स्टुडिओ आहे. वय ३१. शनिवार-रविवारी सलग पाच-सहा तास काम चालतं. हल्ली रात्री उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं बधिर होऊन जाग येते. हात झटकला की बरं वाटतं. मान आणि डावा खांदाही भरून येतो. काम करताना मनगटाला पट्टा बांधतो, फरक नाही. हे काम सोडावं लागेल का?

उत्तर : सोडायची भाषा इतक्यात नको. तुमच्या वर्णनावरून कार्पल टनेलचा संशय येतो, म्हणजे मनगटातली मीडियन नस दबते आहे. करंगळीत मुंग्या असत्या तर मी आधी कोपर तपासलं असतं. ऑर्थोपेडिक डॉक्टरांना दाखवाच. साखर आणि थायरॉइडही तपासून घ्या. त्यांच्यामुळेही हा त्रास होतो. पट्टा दिवसा काढा, त्याच्याशी झगडताना पकड आणखी आवळते. मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट रात्री झोपताना लावा.

आता खांद्याचं. माझ्याकडे येणाऱ्या टॅटू आर्टिस्टना मी कसे बसता ते करून दाखवायला सांगते. बहुतेकांचं तेच : गिऱ्हाईक आरामात पहुडलेलं आणि हे त्याच्या बरगडीपर्यंत पोचायला कमरेतून पिळलेले. डोकं साधारण पाच किलोचं. ते पुढे झुकलं की मानेवरचा भार कितीतरी पटीने वाढतो. त्यात डावा हात कातडी ताणून धरतो, कोपर अधांतरी, खांदा कानाशी. तुमचं डावं दुखणं बहुधा इथलंच आहे. म्हणून गिऱ्हाइकाला हलवा. कुशीवर वळवा, उशी द्या, बेड तुमच्या कोपराच्या उंचीला आणा. संकोच करू नका, चांगली रेघ त्यालाही हवीच असते. डाव्या कोपराखाली आर्मरेस्ट हवाच.

मशीनची ग्रिप, म्हणजे हातात धरायचा भाग, बारीक असेल तर घट्ट दाबावी लागते, तिच्यावर ग्रिप टेप गुंडाळून ती जाड करा आणि दर गिऱ्हाइकाला टेप बदला. मशीनची वायर लोंबू देऊ नका. तिचं ओझं मनगट ओढतं. ग्लोव्हज आवळत असतील तर एक साइज मोठे घ्या. पाऊण तासाने ग्लोव्हज काढून उठा, चार पावलं चाला.

अंगठ्याच्या मुळाशी असलेला मांसल उंचवटा बसका दिसू लागला किंवा हातातून वस्तू निसटू लागल्या, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा, शनिवारचं बुकिंग रद्द करावं लागलं तरी.