स्वेटर, गोधडी, हलव्याचे दागिने आणि तोरण अशी चार कामं थंडीत एकदम काढली आहेत. एकही संपत नाही, काय करू?

ताई, चार कामं काढली यात काही चुकलं नाही. याच दिवसांत हात शिवशिवतात. तुम्ही लिहिलंय की नवऱ्याचा स्वेटर, सासूबाईंची गोधडी, भाच्याच्या बोरन्हाणाचे दागिने अन् नणंदेच्या रुखवतातलं मोत्यांचं तोरण, सगळं अर्धवट पडलंय आणि घरचे म्हणून राहिले की आधी एक संपव, मग दुसरं धर. मी हिंगणघाटकडची, कापसाच्या घरातली. मला घरच्यांचं म्हणणं पटत नाही. चार काय, पाच कामंही सोबत चालतात. पण दोन कामांना दिवसातली एकच वेळ लागत असेल तर दोन्ही रखडतात. तुमचं तेच झालंय. जेवणं आटोपली की तुम्ही चारही पिशव्या घेऊन बसता, अन् उन्हाचे तीन तास कशाला आधी हात लावू यातच जातात.

दुपार गोधडीला देऊन टाका. तिला जागा लागते, ऊन लागतं आणि मांडी घालून बसणारं माणूस लागतं. अंगणात ऊन पसरलं की खाली सतरंजी टाका, तिच्यावर अस्तराचं लुगडं ताणून अंथरा आणि चारी कोपऱ्यांवर विटा ठेवा. मधले थर जुन्या सुती साड्यांचेच घाला. एखादी नायलॉनची मध्ये घुसली तर ती आतल्या आत सरकते, गोळा होते, अन् पहिल्या धुण्यातच गोधडी एका अंगाला ओढली जाते. मग सगळीकडून लांब लांब कच्चे टाके मारून घ्या. कंटाळा येतो, पण ते गाळले तर मधोमध फुगवटा राहतो आणि तो नंतर कशानेच बसत नाही. त्यानंतर आमच्याकडे काठापासून आत आत धावदोरा घालत जातात, चौकोनात चौकोन. चार वाजले की घडी घालून घरात न्या. बाहेर राहिली तर रात्रभर दव पिते आणि दुसऱ्या दिवशीचं अर्धं ऊन तिला वाळवण्यातच जातं.

कापूस वेचणीला जात असाल तर बोटांकडे आधी पाहा. बोंडाची वाळलेली टोकं ओरबाडतात, वरून थंडीने कातडी फाटते, आणि मग लोकर असो की रेशीम, धागा त्या खरखरीत बोटाला अडकल्याशिवाय राहत नाही. झोपताना व्हॅसलीन नाहीतर खोबरेल चोळून हातात जुने मोजे घाला. कामाला बसायच्या आधी तेल नको. कापडावर डाग पडतो, त्यावर धूळ बसते, आणि हलव्याला तर तेलकट हात लागताच कामा नये.

स्वेटर रात्रीचा. ओलिताच्या पंपाची लाईन, म्हणजे वीज, रात्रीची असली की घरातले पुरुष वावरात जातात आणि मागे बायका तशाही जाग्याच असतात. त्या वेळेला विणकामासारखं दुसरं काम नाही. साधी सुलट-उलट वीण बल्बच्या उजेडातही होते, पण गळ्याची घट, म्हणजे टाके कमी करत जाणं, अन् जाळीचे टाके दिवसाउजेडीच करा. स्टीलच्या सुया रात्री गार पडतात, बांबूच्या किंवा प्लास्टिकच्या घ्या. आणखी एक, हे फार कमी जणी सांगतात: बोटं आखडली की वीण आवळत जाते. उन्हात बसून केलेली पाठ आणि रात्री कुडकुडत केलेला पुढचा भाग टाके सारखे असूनही मापाला वेगळे भरतात. म्हणून बाह्या तरी लोकरीचे दोन गुंडे लावून एकाच सुयांवर शेजारी शेजारी विणा. ज्या रात्री एक बाही आवळेल त्या रात्री दुसरीही तेवढीच आवळेल, नवऱ्याचे हात बिचारे सारखे दिसतील.

शेकोटीजवळ मात्र विणत बसू नका. बाजारात लोकर म्हणून मिळते ती बहुतेक ॲक्रेलिकची असते, ठिणगी पडली की वितळून अंगाला चिकटते. आणि कोळशाची शेगडी खोलीत घेऊन दारं-खिडक्या लावायच्या नाहीत. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही; माणसाला नुसती झोप आल्यासारखं वाटतं. विदर्भात कसली आली थंडी म्हणणारे पाहुणे असतात, त्यांना सांगा की २९ डिसेंबर २०१८ ला नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला होता. तसल्या रात्री सुया ठेवून द्या अन् सरळ पांघरुणात शिरा.

आता हलवा. दागिने करायचेत म्हणता, पण हलवा विकतचा आणणार की घरी करणार ते लिहिलं नाही. घरी करणार असाल तर सकाळची वेळ त्याची. भाकरी झाल्या की चुलीत निखारे उरतात, ती आच नेमकी. पसरट कढईत तीळ किंवा साबुदाणा घ्यायचा, एकतारी पाक चमचा-चमचा सोडायचा आणि बोटांनी हलक्या हाताने फिरवत राहायचं. आधीचा चमचा वाळल्याशिवाय पुढचा नाही. पहिल्या दिवशी दाणे नुसते पांढुरके होतात अन् मेहनत फुकट गेली असं वाटतं. सोडू नका. रोज थोडं थोडं करत गेलं की दाण्यावर बारीक टोकं उभी राहायला लागतात, बोटांच्या शेंड्यांना ती डोळ्यांआधी कळतात. हा काटा कोरड्या थंडीतच फुटतो. ढग भरून आले की त्या दिवशी हलवा बंद, घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवायचा. दमट हवेत पाक वाळत नाही आणि दाणे चिकटून ढेकूळ होतं. अवकाळीचा धाक वावरातल्या हरभऱ्याला असतो तेवढाच या डब्याला.

मुकुट आणि बासरीला दाणे काळ्या कापडाच्या पुठ्ठ्यावर चिकटवले तरी चालतं. गळ्यातला हार अन् बाजूबंद मात्र दोऱ्याने एकेक दाणा गाठीत धरून करा, कारण पोट्टं ते तोंडात घालणारच. चिकटवायचं काम एखाद्या दुपारी एका बैठकीत उरका, त्या दिवशी गोधडी राहिली तर राहू द्या. पांढरा डिंक पाणी उडून गेल्यावरच धरतो, संध्याकाळी लावला तर सकाळपर्यंत ओलाच सापडेल. आणि संक्रांतीला झालं नाही म्हणून जीव काढू नका, बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत करतात.

तोरण आता उचलून पेटीत ठेवा. लग्न वैशाखात आहे म्हणता ना? तंगूस, म्हणजे मोती ओवायचा नायलॉनचा दोरा, थंडीत ताठ राहतो, गाठ नीट बसत नाही, आणि ढिली गाठ म्हणजे रुखवताच्या टेबलावर मोत्यांचा पाऊस. उन्हाळ्यात दुपारी बाहेर पाय ठेवायची सोय नसते, तेव्हा कूलरसमोर बसून हे काम आरामात होतं. लोकर मात्र तेव्हा हातात धरवत नाही, म्हणून यंदा काही राहायचंच असेल तर तोरण राहू द्या, स्वेटर नको.

उरलेल्या तिन्ही पिशव्यांत एकेक चिठ्ठी टाका: कुठे थांबले, पुढे काय करायचं. स्वेटरच्या चिठ्ठीवर ओळ कितवी, सुई कोणत्या नंबरची, घट कुठून सुरू केली हे सगळं लिहा.

लोकर कमी पडतेय असं तुम्ही शेवटी लिहिलंय, ते काम उद्याच करा. गुंड्याच्या कागदी पट्टीवर रंगाच्या नंबराशेजारी लॉटचा, म्हणजे एकाच वेळी रंगवलेल्या लोकरीचा, नंबर असतो. रंग तोच अन् लॉट दुसरा असला तर अंगावर पट्टा उठून दिसतो. पट्टी सोबत न्या. दुकानदार सेमच आहे म्हणेल. गुंडा घेऊन दाराशी उजेडात या आणि स्वतः ताडून पाहा. तोच लॉट नाही मिळाला तर जुनी लोकर पाठ-पोटाला अन् बाह्यांना पुरवा, आणि गळ्याची पट्टी सरळ वेगळ्या गडद रंगाची करा.