पुण्यात गच्चीवर कोथिंबीर, मेथी, मटार कधी पेरावेत? नवरात्रात पेरलेली कोथिंबीर उगवलीच नाही.

मेथी, पालक आणि मुळा दसरा झाला की लगेच पेरा. कोथिंबीर आणि मटार मात्र रात्री गारवा जाणवू लागल्यावर, म्हणजे ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. ऑक्टोबरच्या उन्हात गच्चीवरच्या कुंडीतली माती जमिनीपेक्षा जास्त तापते, आणि कोथिंबिरीला उगवताना साधारण २० अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं.

दुसरं कारण बहुधा अख्खे धणे पेरले हे असावं. एका धण्यात दोन बिया असतात. लाटणं हलकं फिरवून धण्याचे दोन भाग करा (चुरा होऊ देऊ नका), रात्रभर भिजवा, निथळून अर्धा इंच खोल पेरा. उगवायला आठ-दहा दिवस, कधी दोन आठवडेही लागतात. तोवर माती ओलसर ठेवा, आणि कोंब आला का हे बघायला कृपया उकरू नका. स्वयंपाकघरातले धणे जुने असतील तर बियाण्याच्या दुकानातून ताजे आणा.

मेथी तीन-चार दिवसांत वर येते, महिन्याभरात भाजीला होते. मुळा-गाजर कायमच्या जागीच पेरायचे. रोप हलवलं की मूळ वाकडं होतं किंवा फाटतं.

हे वेळापत्रक पुणे-नाशिककडच्या हवेचं आहे. मुंबई-कोकणात थंडी उशिरा येते आणि लवकर जाते. तिथे कोथिंबीर नोव्हेंबरअखेर पेरा, आणि मटाराऐवजी त्या कुंडीत लाल माठ लावा.