सायकोपॅथी आणि अटेन्शनवर फंडेड पीएचडी निघालीय, क्राइमचा काही अनुभव नाही, अर्ज करू का?

करा अर्ज. तुम्ही लिहिलंय की बडोद्यातून सायकॉलॉजीत एम.ए. झालंय, इंग्लंडमधल्या एका युनिव्हर्सिटीची ही जाहिरात दिसलीय, पण जेल-गुन्हेगार यांच्याशी कधी संबंध आला नाही आणि बाबा म्हणतायत असल्या लोकांत मुलीला पाठवणार नाही. मी पण बडोद्याचाच, दांडिया बाजारात वाढलो, अटेन्शनवरच पीएचडी केलीय आणि आता शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक सांगतो, एसओपीमध्ये, म्हणजे अर्जासोबत आपला उद्देश सांगणाऱ्या निबंधात, "मला गुन्हेगाराचं मन समजून घ्यायचंय" असलं काही लिहू नका. सिरीयल किलरच्या सिरीज बघून येणारे सगळे तेच लिहितात. सायकोपॅथी म्हणजे दुसऱ्याबद्दल कळवळा नाही, पश्चात्ताप नाही, बेदरकारपणा असा स्वभाव; पण या पीएचडीचा खरा प्रश्न अटेन्शनचा, म्हणजे अशा लोकांचं लक्ष कुठे आणि कसं जातं याचा आहे आणि तुमचा अर्ज त्याच्यावरच उभा राहिला पाहिजे.

आता बघा, १९५७ मध्ये लिकेन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी मांडलं की सायकोपॅथी असलेल्या लोकांना भीतीच कमी वाटते, शिक्षेची धास्ती नाही म्हणून चुकीतून शिकत नाहीत. पुष्कळ वर्षं हेच धरून चाललं होतं. मग अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीच्या जोसेफ न्यूमननी वेगळाच विचार केला. १९८७ चा त्यांचा पत्त्यांचा प्रयोग जरूर वाचा. कैद्यांना कॉम्प्युटरवर पत्ते खेळायला बसवलं, चित्राचं पान आलं की पैसे मिळणार, आकड्याचं आलं की जाणार, आणि पाहिजे तेव्हा थांबायची मुभा. पहिल्या दहा पानांत नऊ वेळा जिंकणं, पुढच्या दहांत आठ, असं करत करत शेवटी जिंकणं बंदच. बाकीचे वेळेत थांबले, सायकोपॅथीवाले मात्र पैसे जात असताना पण पान उलटतच राहिले. इथपर्यंत लिकेनचंच खरं वाटतं ना? पण दुसऱ्या एका गटात प्रत्येक पानानंतर निकाल समोर ठेवला आणि पाच सेकंद पुढचं पान उलटूच दिलं नाही, तर त्या गटातले सायकोपॅथीवाले पण इतरांसारखे वेळेत थांबले! भीती पाच सेकंदांत कुठून येणार? म्हणजे माहिती समोर होती, ती घ्यायला लक्षच मोकळं नव्हतं. उत्तरायणला गच्चीवर पतंगाचा पेच लागलेला असताना पोरगा मागे मागे कठड्याकडे सरकत जातो, त्याला पडायची भीती नसते असं नाही, त्या क्षणी कठडा त्याच्यापर्यंत पोचतच नाही, तसं काहीसं.

मग २०१० मध्ये न्यूमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२५ कैद्यांवर शॉकचा प्रयोग केला. पडद्यावर रंगीत अक्षरं, त्यातल्या एका रंगानंतर शॉक बसू शकतो, आणि मध्येच मोठा आवाज करून पापणी किती जोरात मिटते ते मोजायचं. रंगावर लक्ष ठेवा म्हटलं तर सायकोपॅथीचा स्कोअर जास्त असलेले पण इतरांएवढेच दचकले, लक्ष दुसऱ्या कामात गुंतवलं की मग दचकणं कमी झालं. मला हा निकाल फार मोठा वाटतो, कारण लक्षाची सवय बदलता येत असेल तर "हे लोक कधी सुधारत नाहीत" म्हणून हात झटकता येत नाहीत. पण भक्तिभावाने लिहू नका हं, २०१५ मध्ये स्मिथ आणि लिलिएनफेल्डनी या लक्षाच्या कल्पनेवरचे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा परिणाम लहान ते मध्यमच निघाला. ही दुसरी बाजू पण माहीत आहे हे अर्जात दिसू द्या.

बाबांना सांगा की सगळं काम जेलमध्येच चालतं असं नाही. सायकोपॅथीचे गुण कमी-जास्त प्रमाणात सगळ्यांत असतात, त्यामुळे साध्या स्टुडंट्सकडून सायकोपॅथीचे गुण मोजणारी ५८ प्रश्नांची ट्रायार्किक प्रश्नावली भरून घेऊन लॅबमध्ये ईईजी (मेंदूच्या विद्युत लहरींची नोंद) किंवा आय-ट्रॅकिंगवर (नजर कुठे जाते त्याची नोंद) पण खूप काम होतं. जेलमध्ये करायचं असेल तर तिथल्या जेल खात्याच्या नॅशनल रिसर्च कमिटीची परवानगी लागते, ती घेतलीय की अजून घ्यायचीय हे सुपरव्हायझरला आत्ताच विचारा, नाहीतर फंडिंगचे महिने त्यातच जातील.

पैशाचं नीट वाचा. "फंडेड" म्हणजे सगळं फुकट असं नसतं, बऱ्याच जागांत फक्त तिथल्या मुलांच्या फीएवढेच पैसे असतात आणि वरचा मोठा फरक आपण भरायचा. यूकेआरआयची, म्हणजे तिथल्या सरकारी संशोधन निधी संस्थेची जागा असेल तर फी सुटते आणि २०२५-२६ साठी स्टायपेंड वर्षाला किमान २०,७८० पाउंड होता, पण त्यात बाहेरच्या मुलांच्या जागा साधारण ३० टक्क्यांपर्यंतच. अटी बारकाईने बघणं आपल्याला नवीन नाही, १९१३ मध्ये सयाजीरावांच्या स्कॉलरशिपवर बाबासाहेब कोलंबियाला गेले तिला पण परत येऊन संस्थानची नोकरी करायची अट होतीच. आणि आपल्याकडच्या पीएचडी फेलोशिपच्या परीक्षेचा, नेट-जेआरएफचा फॉर्म पण भरून ठेवा, पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० मिळतात, अटेन्शनवर काम इथे राहून पण करता येतं, फॉरेन्सिककडे ओढा असेल तर गांधीनगरची नॅशनल फॉरेन्सिक सायन्सेस युनिव्हर्सिटी आहेच.

अनुभव नाही म्हणता, तर सायकोपाय हे प्रयोग बनवायचं सॉफ्टवेअर डाउनलोड करा, फुकट आहे, त्यात फ्लँकर टास्क (आजूबाजूच्या खुणांकडे दुर्लक्ष करून मधल्या खुणेला उत्तर द्यायचं) बनवा, कॉलेजातल्या पाच-सहा जणांवर चालवा आणि डेटा आर (R) या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरमध्ये बघा. मग सुपरव्हायझरला छोटा मेल करा, त्यांचा कुठला पेपर वाचला, त्यातली कुठली गोष्ट पटली नाही आणि तुम्ही काय करून पाहिलंय, बास. सीव्ही जोडा, स्वतःची स्तुती नको. रेफरन्स देणाऱ्या मॅडमना डेडलाइनच्या आदल्या दिवशी फोन करू नका, आत्ताच सांगा, सोबत जाहिरात आणि तुमचं डिझर्टेशन पण पाठवा म्हणजे त्यांना नेमकं लिहिता येईल. मेलचा ड्राफ्ट झाला की इथेच टाका, वाचून सांगतो.