चाँगसाम की छीपाओ?

प्रश्न असा आहे : १९३० च्या दशकातल्या शांघायमधली कथा मराठीत आणताना नायिकेच्या पोशाखाला ‘चाँगसाम’ म्हणावे की ‘छीपाओ’, आणि हे दोन वेगळे पोशाख आहेत का?

पोशाख एकच. उभी कॉलर, गळ्यापासून उजव्या काखेकडे तिरका जाणारा पदर, कापडी पट्टीच्या गाठीची गुंडी आणि तिला कापडाचाच फास, कडेने पायपिंग, दोन्ही बाजूंना कट. नावे मात्र दोन भाषांतली. ‘छीपाओ’ मँडरिन, ‘चाँगसाम’ कँटोनी. हे दुसरे हाँगकाँगमार्गे इंग्रजीत गेले आणि तिथून आपल्याकडे आले. शांघायच्या कथेत मी ‘छीपाओ’च लिहीन. कथा हाँगकाँगची असती, तर बेलाशक ‘चाँगसाम’.

‘कीपाओ’ किंवा ‘क्विपाओ’ मात्र नको. १९५८ साली स्वीकारलेल्या पिनयिन या चिनी उच्चार रोमन अक्षरांत लिहिण्याच्या पद्धतीत ‘क्यू’ हे अक्षर आपल्या ‘छ’च्या जवळच्या उच्चारासाठी वापरतात, आणि इंग्रजी वळणाने वाचणारे तिथेच फसतात. ‘चेओंगसाम’ हीसुद्धा स्पेलिंग पाहून केलेली चूक.

खरी गंमत ‘छी’मध्ये आहे. छी म्हणजे निशाण. मांचू लोकांची लष्करी आणि सामाजिक विभागणी आठ निशाणांखाली होती, त्या निशाणांतली माणसे ती ‘छीरेन’, आणि त्यांचा अंगरखा तो ‘छीपाओ’. यावरून हा थेट मांचू राण्यांचा वेश असे सर्रास सांगितले जाते, पण ते अर्धेच खरे. मांचू बायकांचा झगा सैल आणि सरळ असे, अंगाचा आकार त्यात दिसतच नसे. मांचूंची छिंग राजवट १९१२ मध्ये संपली; आज आपण ओळखतो तो पोशाख त्यानंतर, १९२० च्या दशकात, शांघायसारख्या शहरांतल्या शिकलेल्या मुलींनी रूढ केला. पुरुषांचा लांब अंगरखा बायकांनी अंगावर घेतला तिथून तो आला, असेही काही अभ्यासक मानतात. १९२९ मध्ये प्रजासत्ताक सरकारने पोशाखाचे नियम केले, त्यात स्त्रियांच्या औपचारिक वेशांत त्याला जागा मिळाली. अंगासरशी बेताची शिलाई पुढच्या दशकात आली. टक्स घालून घट्ट बसवलेला, चेन वगैरे लावलेला प्रकार त्याहूनही नंतरचा. १९४९ च्या सुमारास शांघायचे शिंपी हाँगकाँगला गेले, तिथे तो बहरला. म्हणून तुमच्या नायिकेला तसला चापूनचोपून बसलेला वेश देऊ नका.

‘चिनी झगा’ हा पर्याय मला पटत नाही. शांघायमधली बाई आपल्या कपड्याला ‘चिनी’ का म्हणेल? पहिल्यांदा ‘छीपाओ’ लिहून लगेच वाक्यात त्याची कॉलर, कट दाखवा. तळटीप लागणार नाही. कॉलरला ‘मँडरिन कॉलर’ म्हणण्यापेक्षा ‘उभी कॉलर’ म्हणा. ‘चायनीज कॉलर’ आपल्या शिंप्यांकडे शोभते, या कथेत नाही. लिंग पुल्लिंगी ठेवा : तो छीपाओ, निळा छीपाओ.

आणि एक जपा. ‘चाँगसाम’ ज्या दोन चिनी अक्षरांनी लिहितात, तीच मँडरिनमध्ये ‘छांगशान’ अशी वाचतात, आणि तो पुरुषांचा लांब अंगरखा. कथेत एखादा मास्तर किंवा दुकानदार तो घालून आला, तर त्याला चुकून छीपाओ नेसवू नका.